बोली न लागलेल्यांची गोष्ट

लिलावात ज्याच्यावर कोटींची बोली लागते त्याचे छायाचित्र दुसऱ्या दिवशी पहिल्या पानावर झळकते. ज्याचे नाव पुकारले गेले आणि एकाही टेबलावरची पाटी वर झाली नाही, त्याचे पुढे काय झाले हे विचारायला सहसा कोणी जात नाही. 24 आणि 25 नोव्हेंबर 2024 रोजी सौदी अरेबियातील जेद्दा येथे आयपीएलचा मोठा लिलाव झाला. नावे नोंदवणारे 1574, विकले गेलेले 182. उभी हयात बँकेत जमाखर्च तपासण्यात गेलेल्या माझ्यासारख्याची नजर साहजिकच उरलेल्या 1392 जणांकडे वळते. त्यांतल्या बहुतेकांची नावे तर पुकाऱ्याच्या यादीपर्यंतही पोचली नव्हती.

या उरलेल्यांसाठी एक शब्द रूढ झाला आहे: ‘अनसोल्ड’. शब्द बाजारातला आहे. मी राहतो ती मसोली डहाणूला लागून आहे आणि हा सगळा मुलूख चिकूच्या बागांचा. पिकलेला चिकू वेळेत खपला नाही तर नासतो, हे इथल्या पोरासोरांनाही ठाऊक असते. खेळाडूचे तसे नाही. त्याची किंमत त्या दिवशी झाली नाही, एवढाच ‘अनसोल्ड’चा अर्थ. परंतु पुढची संधी येईपर्यंत त्याला टिकून राहावे लागते, आणि टिकून राहण्याला पैसे लागतात. खरा प्रश्न तिथे सुरू होतो.

त्या लिलावात आमच्या पालघर जिल्ह्यातले दोघे जण न विकले गेलेल्यांत होते. एक शार्दूल ठाकूर, पालघरजवळच्या माहीमचा. जानेवारी 2021 मध्ये ब्रिस्बेनच्या कसोटीत सात बळी आणि 67 धावांची खेळी करणारा हा गडी. 2022 च्या लिलावात त्याला पावणेअकरा कोटी मिळाले होते. या वेळी दोन कोटींच्या मूळ किमतीलाही कोणी हात वर केला नाही. दुसरा विरारचा आयुष म्हात्रे, वय वर्षे सतरा. त्याच्यापुढे सारे आयुष्य होते, पण सतराव्या वर्षी नकार पचवणे सोपे नसते.

दोघांनी पुढच्या दोन महिन्यांत काय केले ते पाहण्यासारखे आहे. 31 डिसेंबर 2024 ला आयुषने विजय हजारे स्पर्धेत नागालँडविरुद्ध 117 चेंडूंत 181 धावा काढल्या. जानेवारीत वांद्रे-कुर्ला संकुलाच्या मैदानावर जम्मू-काश्मीरविरुद्ध मुंबईचे रथी-महारथी कोसळत असताना शार्दूलने पहिल्या डावात 51 आणि दुसऱ्या डावात 119 धावा केल्या. मुंबई तो सामना हरली, पण शार्दूलचे नाव पुन्हा लोकांच्या तोंडी आले.

तरीही दार उघडले ते केवळ पराक्रमामुळे नव्हे. लखनौचा मोहसीन खान जायबंदी झाला म्हणून शार्दूलला बोलावणे आले. 27 मार्च 2025 ला हैदराबादेत त्याने 34 धावांत चार बळी घेतले. चेन्नईचा कर्णधार ऋतुराज गायकवाड कोपराच्या दुखापतीने बाहेर पडला म्हणून आयुषला जागा मिळाली. 20 एप्रिलला वानखेडेवर मुंबईविरुद्ध पहिल्याच सामन्यात त्याने 15 चेंडूंत 32 धावा केल्या आणि 3 मे रोजी बंगळुरूविरुद्ध 94. एकाचे दुखणे हे दुसऱ्याचे दैव ठरावे, असा हा व्यवहार आहे. त्यात कोणी दुष्ट नाही. पण दैवाने कडी वाजवली त्या घटकेला दोघेही तयारीत होते, हे महत्त्वाचे. शार्दूल मुंबईचा रणजीपटू होता, आयुषही मुंबईच्या संघात होता. त्यांच्या पायाखाली जमीन होती.

हा प्रकार जगात इतरत्रही चालतो, आणि अमेरिकेत तर त्याची रीतसर व्यवस्थाच आहे. तिथल्या फुटबॉलमध्ये, म्हणजे हातात चेंडू घेऊन धावण्याच्या त्यांच्या फुटबॉलमध्ये, 32 संघ दरवर्षी सात फेऱ्यांत मिळून सुमारे अडीचशे नवे खेळाडू निवडतात. ज्यांची नावे निघत नाहीत त्यांतल्या काहींना संघ शिबिरापुरते बोलावतात. शिबिरात नव्वद जण असतात. मोसमाच्या तोंडावर त्यांतले 53 ठेवले जातात. कुर्ट वॉर्नर हा 1994 साली असाच न निवडलेला. शिबिरातूनही त्याला काढून टाकले, तेव्हा तो आयोवातल्या एका किराणा दुकानात रात्री फळ्यांवर माल रचत असे. जानेवारी 2000 मध्ये त्यानेच आपल्या संघाला सुपर बोल जिंकून दिला.

वॉर्नरची गोष्ट सगळे सांगतात. मला मात्र त्या व्यवस्थेतली दुसरी एक गोष्ट अधिक मोलाची वाटते. 53 जणांत न बसलेल्यांपैकी सोळा जणांना प्रत्येक संघ सरावासाठी पगारावर ठेवू शकतो. 2024 साली हा पगार आठवड्याला किमान साडेबारा हजार डॉलर होता. त्या पगारात पोट भरते आणि शरीर खेळाच्या लायकीचे राहते. नाकारलेल्याला थांबायला दिलेली ही जागा आहे.

अशी जागा आपल्याकडेही होती. तिचे नाव नोकरी. मुंबईच्या क्रिकेटचा अर्धा संसार बँकांनी आणि कंपन्यांनी चालवला. अजित वाडेकर स्टेट बँकेत होते, हे सर्वांना माहीत आहे. पण त्यांच्यामागे असंख्य कारकून होते, ज्यांची नावे कोणाला माहीत नाहीत. मी नोकरीला लागलो तेव्हा आमच्या शाखेत असा एक जण होता. दुपारनंतर तो पिशवी उचलून नेटवर जाई आणि त्याच्या टेबलावरची व्हाउचरे आम्ही वाटून घेत असू. कुरकूर व्हायची, पण टाइम्स शील्डचा सामना असला की तीच मंडळी डबा घेऊन मैदानावर हजर. त्याला मुंबईची टोपी कधी मिळाली नाही. पेन्शन मात्र मिळाले.

प्रवीण तांबे हे याच व्यवस्थेचे उशिरा आलेले फळ. क्लब आणि कंपनीच्या संघांतून वर्षानुवर्षे खेळत, मध्यमगती सोडून फिरकीकडे वळत हा माणूस थांबून राहिला. एकही प्रथम श्रेणी सामना न खेळता, वयाच्या 41 व्या वर्षी, 2013 मध्ये राजस्थानने त्यांना आयपीएलमध्ये उतरवले. पुढच्याच वर्षी कोलकात्याविरुद्ध त्यांनी हॅट्‌ट्रिक घेतली. लोक म्हणतात, चिकाटी पाहा. चिकाटी होतीच, पण तिला महिन्याच्या महिन्याला भाकरी देणारे कोणी तरी होते.

रेल्वे आणि पोलीस आजही खेळाडूंना नोकऱ्या देतात. बँकांची आणि कंपन्यांची ती जुनी भरती मात्र आटली. पैसा खेळात पूर्वीपेक्षा कितीतरी अधिक आहे, पण तो वरच्या मजल्यावर आहे. जिन्याच्या पायऱ्या काढून घेतल्यासारखे झाले आहे.

मसोलीतला एक बावीस-तेवीस वर्षांचा मुलगा मुंबईच्या एका क्लबकडून कांगा लीग खेळतो. वेगवान टाकतो. आठवड्यातले चार दिवस मोबाइलच्या दुकानात काम करतो आणि उरलेले दिवस पहाटेची गाडी पकडतो. डहाणू रोड ते चर्चगेट हे अंतर सुमारे सव्वाशे किलोमीटर. एप्रिल 2013 पासून डहाणूपर्यंत लोकल येऊ लागली हे खरे, पण गाड्या मोजक्या; एक चुकली की नेट चुकले. मोठ्या संघांच्या सरावात गोलंदाजी टाकायला मिळाली तर त्याला हवीच आहे.

एकदा मी त्याला विचारले, “किती दिवस असं करणार रे?”

“काका, अजून दोन वर्षं आहेत माझ्याकडं,” तो म्हणाला. “बाबा तोंडानं काही बोलत नाहीत, पण धाकट्या बहिणीचं कॉलेज सुरू झालंय. पुढं मग दुकानात पूर्णवेळ.”

त्याच्या गोलंदाजीत दम आहे की नाही, हे सांगण्याचा अधिकार मला नाही. ते ठरवणारे जाणकार आहेत. माझे म्हणणे हिशेबापुरते आहे. तो संपला तर त्याचा वेग कमी पडला म्हणून संपेल की त्याची दोन वर्षे संपली म्हणून, हे मग कोणालाच कळणार नाही. ज्या खेळात शेकडो कोटींच्या बोल्या दोन दिवसांत लागतात, त्या खेळाला जिल्ह्याजिल्ह्यांतल्या अशा काही पोरांचा प्रवासखर्च आणि बेताचा पगार जड जाऊ नये. बोली सगळ्यांवर लागणार नाही, लागूही नये. पण नकार मिळालेल्याला पुढच्या मोसमापर्यंत उभे राहायला वीतभर जागा हवी. शार्दूलला ती होती, आयुषला ती होती. डहाणूच्या गाडीत उभ्याने जाणाऱ्याला ती अजून मिळायची आहे.