मोठमध्ये 21, पुण्यात 25

झाशी-कानपूर रस्त्यावरच्या मोठमध्ये दारू पिण्याचे कायदेशीर वय 21. महाराष्ट्रात बिअरला 21, कडक दारूला 25. मेंदूचा कौल महाराष्ट्राच्या बाजूने! धोका तोलणारा कपाळामागचा भाग पक्का व्हायला पंचविशी उजाडते.

खेळाडूंचे नुकसान दुहेरी. दारू लघवी रोखणारे संप्रेरक दाबते, घामाने आटलेले शरीर आणखी कोरडे पडते. 2014च्या एका ऑस्ट्रेलियन प्रयोगात व्यायामानंतर भरपूर दारू दिल्यावर, सोबत प्रथिने घेऊनही स्नायूंची नवी बांधणी 24 टक्क्यांनी घटली. प्रोटीन शेकचे पैसे पाण्यात!

जिममध्ये ‘ताकदीचे’ म्हणून मेफेंटरमाइनचे इंजेक्शन पुढे करणारेही भेटतात. भूल दिल्यावर घसरलेला रक्तदाब चढवायचे ते औषध. स्पर्धेत सापडले तर उत्तेजक म्हणून बंदी. पोरांनो, हात आखडता घ्या.