मधल्या जोडीचे मोल

पत्ते म्हटले की आपल्याकडे दिवाळीच्या सुट्टीतली रमी आठवते, नाहीतर आडोशाला बसून खेळलेली तीन पत्ती. याहून निराळा एक डाव मला मामांनी शिकवला. ते कॅलिफोर्नियात नोकरीला असतात आणि रजेवर आले की पैशांऐवजी काड्यापेटीतल्या काड्या वाटून टेक्सास होल्डेम मांडतात. त्यातल्या एकाच प्रश्नाचा येथे विचार करतो. हाती सत्ती, अठ्ठी किंवा नव्वीची जोडी आली तर काय करावे?

नियम थोडक्यात असे. प्रत्येकाला दोन पत्ते झाकून मिळतात. मग टेबलावर सर्वांसाठी तीन पत्ते उघडतात, त्याला 'फ्लॉप' म्हणतात. पुढे एकेक करून आणखी दोन. सातांपैकी उत्तम पाच धरायचे. पैजेच्या फेऱ्या चार. 'लिमिट' प्रकारात पैजेचा आकडा ठरलेला असतो: ३-६ डॉलरच्या टेबलावर पहिल्या दोन फेऱ्यांत ३, पुढच्या दोन फेऱ्यांत ६. खरी मेख येथेच आहे. मोठी रक्कम लावून कोणाला दडपता येत नाही. मध्ये वीस-पंचवीस डॉलर जमलेले असताना ३ डॉलर टाकायला कोण मागे सरेल? त्यामुळे लहान पैजेच्या टेबलावर पाच-सहा जण फ्लॉप पाहायला हजर असतात.

समजा, माझ्याकडे अठ्ठीची जोडी आहे. न दिसलेले पत्ते ५०. त्यांत माझ्या अठ्ठ्या दोन आणि अठ्ठीहून वरचढ पत्ते २४. फ्लॉपवर अठ्ठी न येण्याची शक्यता ४८/५० × ४७/४९ × ४६/४८, म्हणजे सुमारे ८८ टक्के. साडेआठ डावांत एकदा ती येते. उलट, फ्लॉपवर निदान एक वरचढ पत्ता पडण्याची शक्यता सुमारे ८७ टक्के! तीन पत्तीत मुरलेल्या माणसाला हे पटत नाही. तेथे अठ्ठीची जोडी म्हणजे बऱ्यापैकी हात. येथे सहा जणांत ती नुसती आशा असते.

मग पैसे घालावेत का? घालावेत, पण गर्दी असेल तर. सहा जणांनी ३-३ डॉलर टाकले असतील, तर माझ्या ३ ला १८ मिळतात, एकास सहा. हवे असतात एकास साडेसात. उरलेली तूट अठ्ठी आल्यावर पुढच्या फेऱ्यांत भरून निघते. दोघे-तिघेच असतील आणि कोणी आधीच पैज वाढवली असेल, तर हा हिशेब जुळत नाही. मात्र आपल्यापूर्वीच्या सर्वांनी पत्ते टाकले असतील, तर पैज आपणच वाढवावी. एकट्या प्रतिस्पर्ध्यापुढे जोडी बहुधा पुढे असते. त्याच्याकडे एक्का-राजा असला, तरी तीनपैकी दोन वेळा फ्लॉपवर त्याची जोडी लागत नाही.

सर्वांत अवघड जागा फ्लॉपनंतरची. राजा, नव्वी, चौकी पडली. एकाने ३ लावले, दुसऱ्याने भरले. मध्ये २७ डॉलर, मला भरायचे ३, म्हणजे एकास नऊ. पण न दिसलेल्या ४७ पत्त्यांत माझ्या कामाचे दोनच; भाव हवा एकास साडेबावीस. जोडी टाकलीच पाहिजे. नवखा माणूस 'एक पत्ता पाहू' म्हणत ३ भरतो, मग दुप्पट झालेल्या पैजेचे ६, पुन्हा ६. एका जोडीच्या मोहापायी १५ डॉलर जातात. मला विचाराल, तर या खेळातला बहुतेक तोटा फसवाफसवीत होत नाही, तो असल्या नादात होतो. एकास एक असताना मात्र नुसता एक राजा पाहून पळू नये; तेथे माणूस ओळखावा लागतो.

आणि अठ्ठी आलीच तर? पुष्कळ जण ती लपवून हळूहळू खेळतात. लहान टेबलावर त्याची गरज नाही. राजाची जोडी धरून बसलेला गृहस्थ शेवटपर्यंत पैसे भरणारच असतो. शिवाय तीन पत्तीतल्या ट्रेलला कोणी हरवत नाही, पण येथे तीन अठ्ठ्यांवर पाच पत्त्यांची रांग किंवा एकाच रंगाचे पाच पत्ते मात करतात. तेव्हा पैज लगेच वाढवावी.