गाडी बदलण्याची घाई का सरली?

नगरच्या व्यापारी घरांत पूर्वी पाचव्या-सहाव्या वर्षी मोटार बदलण्याची रीत होती. कर्ज फिटले की जुनी द्यावी, नवी आणावी, असा सरळ हिशेब असे. आता कोपरगावपासून जामखेडपर्यंत दहा-बारा वर्षांच्या गाड्या रोजच्या वापरात सर्रास दिसतात. यामागे काटकसर आहेच. परंतु केवळ काटकसर नाही.

पहिले कारण कर्जाच्या मुदतीत दडलेले आहे. बँका आता मोटारीसाठी सात वर्षांपर्यंत मुदत देतात. आठ लाखांचे कर्ज नऊ टक्के दराने पाच वर्षांत फेडल्यास मासिक हप्ता सुमारे १६,६०० रुपये पडतो. सात वर्षांत फेडल्यास १२,९००. हप्ता हलका वाटतो, पण व्याज १ लाख ९६ हजारांवरून २ लाख ८१ हजारांवर जाते. खरी मेख पुढेच आहे. चार वर्षे पूर्ण झाली की विम्याच्या कोष्टकानुसार गाडीचे घोषित मूल्य निम्मे, म्हणजे आठ लाखांच्या गाडीचे चार लाख, धरले जाते; आणि सात वर्षांच्या कर्जाची त्या दिवशीची बाकीही चार लाखांहून किंचित अधिकच असते. गाडी विकून हाती काही उरत नाही. साहजिकच मालक ती ठेवून घेतो, आणि हप्ते संपल्यावर तर तिला सोडण्याचे कारणच उरत नाही.

गाड्याही बदलल्या आहेत. कार्ब्युरेटर गेला, इंधन-अंतःक्षेपण आले; इंजिन तेल बदलण्याचे अंतर अनेक गाड्यांत दहा हजार किलोमीटरवर गेले. शिवाय नगर जिल्हा पर्जन्यछायेत असल्याने कोकणासारखा गंज येथे पत्रा खात नाही. एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत-६ मानकांमुळे नव्या गाड्या महागल्या, तेही एक कारण. सप्टेंबर २०२५ मध्ये लहान गाड्यांवरील जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला खरा. पण त्याने जुन्या गाडीचा भावही खाली ओढला. त्यात पेट्रोल, सीएनजी की वीज, हा संभ्रम आहेच.

उपासकदशांग सूत्रातील आनंद श्रावकाने वाहनांची मर्यादा करताना दूरच्या प्रवासासाठी पाचशे आणि स्थानिक वाहतुकीसाठी पाचशे गाडे राखले होते. मर्यादा लहान नव्हती, परंतु ठरलेली होती. श्रावकाच्या चौदा नियमांतही वाहन येते. तरी जुनी गाडी राखणे म्हणजेच अपरिग्रह, असे म्हणणे धाडसाचे ठरेल. अंगणात तीन-तीन जुन्या गाड्या उभ्या असलेली घरेही आहेतच.

पंधरा वर्षांनंतर मात्र हिशेब फिरतो. योग्यता-तपासणी, पर्यावरण कर आणि पाच वर्षांच्या नोंदणी-नूतनीकरणाचे ५,००० रुपये. वीस वर्षांपुढे केंद्राने हे शुल्क १०,००० केले आहे. त्याहून गंभीर प्रश्न सुरक्षिततेचा. चालकाची एअरबॅग जुलै २०१९ पासून आणि एबीएस ब्रेक त्याच वर्षीच्या एप्रिलपासून सक्तीचे झाले. त्यापूर्वीच्या अनेक लहान गाड्यांत दोन्ही नाहीत, आणि चातुर्मासात दर्शनासाठी वृद्ध आई-वडील नि नातवंडे त्याच गाडीतून रात्री पुणे रस्त्याने परततात. काही कुटुंबांनी अशा गाडीकडे गावातलेच काम ठेवले असून लांबच्या प्रवासाला भाड्याची गाडी घेतात. नगर-पुण्यासारखे वर्षाला दहा प्रवास धरले, तरी ते भाडे नव्या गाडीच्या तीनएक हप्त्यांइतकेच होते.