हिशेबनीस ते दिवाण : सर टी. माधवराव यांचे राजनीतिपर गद्य

चेन्नईतील तिरुवल्लिकेणी हा भाग पार्थसारथीच्या मंदिरासाठी प्रसिद्ध आहे. स्वतः राज्य न करता राजपुत्राचा रथ हाकणारा व त्याला उपदेश करणारा कृष्ण हे तेथील दैवत. याच भागातील साहित्य मंडळाच्या तरुणांनी १८७८ मध्ये ‘द हिंदू’ हे वृत्तपत्र सुरू केले. राजाला सल्ला देणे आणि लोकांशी बोलणे या दोन्ही परंपरांशी ज्यांचे नाते जुळले, असे त्या काळचे मराठीभाषक प्रशासक म्हणजे सर टी. माधवराव (१८२८–१८९१).

कुंभकोणम येथील देशस्थ कुटुंबात जन्मलेल्या माधवरावांचे शिक्षण मद्रास येथे झाले. काही काळ अध्यापन केल्यावर ते तेथील महालेखापालांच्या कार्यालयात नोकरीस लागले. १८४९ मध्ये त्रावणकोरच्या राजपुत्रांचे शिक्षक म्हणून त्यांची नेमणूक झाली आणि १८५८ मध्ये ते त्या संस्थानाचे दिवाण झाले. मिरी व तंबाखू यांवरील सरकारी मक्तेदारीचा शेवट, तसेच सरकारी जमिनीच्या कुळांना मालकीहक्क देणारा १८६५ चा जाहीरनामा, या त्यांच्या कारकिर्दीतील ठळक घटना होत. राज्यकारभार हा चोख हिशेबावर उभा राहतो, ही त्यांची धारणा त्यांतून दिसते. तथापि पूर्वीचा शिष्य असलेल्या महाराजांशी बेबनाव होऊन १८७२ मध्ये त्यांना पद सोडावे लागले.

इंदूरनंतर १८७५ मध्ये ते बडोद्यास गेले. अल्पवयीन सयाजीराव गायकवाड यांना १८८१ मध्ये दिलेली त्यांची व्याख्याने ‘मायनर हिंट्स’ या नावाने ग्रंथरूपात उपलब्ध आहेत. गुरू व शिष्य दोघांचीही मातृभाषा मराठी. परंतु हा राजनीतिपाठ इंग्रजीत आहे. मराठीत या प्रकाराची परंपरा नव्हती, असे मात्र नाही. हिशेबाचे खाते सांभाळणाऱ्या रामचंद्रपंत अमात्यांचे ‘आज्ञापत्र’ अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातले. तेथे अमात्य राजाच्या मुखाने बोलतात. राजाज्ञा हेच त्यांच्या शब्दांचे बळ. माधवराव स्वतःच्या नावाने बोलतात. त्यांच्यामागे अनुभव आहे आणि अर्थातच ब्रिटिश सार्वभौमत्वही आहे. भाषेची निवडही या दुसऱ्या आधाराशी निगडित मानता येते.

अशा लेखनाची खरी अडचण वाचकात असते. त्याचा वाचक अल्पवयीन असेपर्यंतच ऐकण्यास बांधलेला असतो. डिसेंबर १८८१ मध्ये सयाजीरावांना राज्याधिकार मिळाले व १८८२ मध्ये माधवराव दिवाणपदावरून निवृत्त झाले. शिक्षण सफल झाले, की शिक्षकाची गरज संपते; त्रावणकोरचा अनुभव येथे निराळ्या रीतीने पुन्हा आला.

१८८७ मध्ये राष्ट्रीय सभेचे तिसरे अधिवेशन मद्रासला भरले. स्वागत समितीचे अध्यक्ष माधवराव होते. आता समोर राजपुत्र नव्हता, प्रांतोप्रांतीचे प्रतिनिधी होते. उपदेशाचा श्रोता राजवाड्यातून सभामंडपात आला, हे स्थित्यंतर ‘आज्ञापत्र’ ते ‘मायनर हिंट्स’ या परंपरेच्या तौलनिक अभ्यासात गृहीत धरावे लागते.