स्वप्रकाशित विज्ञानकादंबऱ्यांच्या मालिका : २००७ ते २०२४

१९ नोव्हेंबर २००७ रोजी अ‍ॅमेझॉनने अमेरिकेत किंडल हे वाचनयंत्र बाजारात आणले. त्याच सुमारास कोणाही लेखकाला आपली फाइल चढवून ई-पुस्तक थेट विकता येईल अशी सोयही उघडली. पुढे ती किंडल डायरेक्ट पब्लिशिंग, म्हणजेच केडीपी, या नावाने ओळखली जाऊ लागली. आरंभी लेखकाला किमतीच्या ३५ टक्के मिळत. ३० जून २०१० पासून २.९९ ते ९.९९ डॉलर किमतीच्या पुस्तकांवर हे प्रमाण ७० टक्के झाले. छापील पेपरबॅकवर प्रस्थापित प्रकाशक साधारण दहा टक्क्यांच्या आतच रॉयल्टी देत, त्यामुळे हा फरक फार मोठा होता. विज्ञानकथा लिहिणाऱ्यांनी तो लवकर हेरला. त्यांचा वाचक नव्या यंत्राला न बिचकणारा, झपाट्याने वाचणारा आणि ‘फाउंडेशन’ किंवा ‘ड्यून’सारख्या मालिकांवर वाढल्यामुळे एकाच विश्वात अनेक पुस्तके रमणारा होता.

त्यानंतरच्या काळात या लेखकांनी जे केले त्यात मालिकेची आखणी आणि तिची विक्री ही दोन निरनिराळी कामे उरली नाहीत. पुस्तकाची लांबी, भागांची संख्या, दोन भागांमधले अंतर या गोष्टी दुकानाचे नियम पाहून ठरू लागल्या. नियम बदलला की कथेचा घाटही बदलला. हा संबंध लक्षात घेतल्याशिवाय या काळातल्या यशापयशाचा उलगडा होत नाही.

ह्यू हॉवी यांची ‘वूल’ ही या इतिहासातली सर्वांत परिचित घटना. नॉर्थ कॅरोलायनातल्या एका विद्यापीठाच्या पुस्तकदुकानात नोकरी करत असताना त्यांनी जुलै २०११ मध्ये ही दीर्घकथा ९९ सेंटला विक्रीस ठेवली. विषारी झालेल्या पृथ्वीच्या पोटात, शेकडो फूट खोल अशा मनोऱ्यात राहणाऱ्या माणसांची ही गोष्ट. तिच्यासाठी जाहिरात केलेली नव्हती आणि पुढचा भाग ठरलेलाही नव्हता. खप शरद ऋतूत आपोआप वाढत गेला, वाचकांनी पुढची गोष्ट मागितली, तेव्हा हॉवी यांनी बाकीची कामे बाजूला ठेवून आणखी चार भाग लिहिले. जानेवारी २०१२ मध्ये पाचही भागांचा एकत्रित ग्रंथ आला.

यातली खरी कारागिरी विक्रीच्या आकड्यांमागे झाकून जाते. पहिल्या कथेचा नायक शेवटी मरतो. म्हणजे मालिका पुढे न्यायला माणूसच उरला नव्हता. हॉवी यांनी धागा म्हणून मनोरा ठेवला आणि माणसे बदलली. दुसऱ्या भागात वयस्कर महापौर आणि शेरीफचा साहाय्यक नव्या शेरीफच्या शोधात सगळा जिना उतरून तळापर्यंत जातात, आणि त्या उतरण्यातूनच वाचकाला ते जग मजल्यामजल्याने दिसते. त्यांना भेटते ती जुलिएट ही यंत्रज्ञ, आणि उरलेली कादंबरी तिची होते. एखादे स्थळ पुरेसे भक्कम रचलेले असेल तर मालिका नायकावाचूनही तगते, हे या पुस्तकाने दाखवून दिले. पुढे ‘शिफ्ट’ने त्या जगाचा भूतकाळ सांगितला आणि २०१३ मध्ये ‘डस्ट’ने कथा संपवली. सायमन अँड शुस्टरने छापील आवृत्तीचे हक्क घेतले तेव्हा ई-पुस्तकाचे हक्क हॉवी यांनी स्वतःकडेच ठेवले. मोठ्या प्रकाशनसंस्थेने अशी अट मान्य करणे त्या वेळी जवळजवळ अपूर्व होते. छापील पुस्तक मार्च २०१३ मध्ये दुकानांत आले.

मालिकाच का, याचे उत्तर साध्या गणितात आहे. पाच भागांची मालिका धरा. पहिला भाग ९९ सेंटला. तो २.९९ डॉलरच्या खाली असल्याने त्यावर ३५ टक्केच, म्हणजे सुमारे ३५ सेंट मिळतात. बाकीचे चार भाग प्रत्येकी ४.९९ डॉलरला, आणि त्यांवर जवळपास साडेतीन डॉलर. शंभर जणांनी पहिला भाग घेतला, निम्म्यांनी दुसरा घेतला आणि तिथून पुढे दर भागाला पाचांतले चार जण टिकले, तर दुसरा ५०, तिसरा ४०, चौथा ३२ आणि पाचवा २५ जणांकडे पोहोचतो. पहिल्या भागाचे ३५ डॉलर आणि नंतरच्या १४७ प्रतींचे सुमारे ५१३. म्हणजे पहिल्या भागाचा एक वाचक सरासरी साडेपाच डॉलर मिळवून देतो. तो वाचक मिळवायला जाहिरातीवर दोन डॉलर गेले तरी मालिकेच्या लेखकाला परवडते. त्याच किमतीला एकच पुस्तक विकणाऱ्याला मात्र ते कधीच परवडणार नाही.

या गणिताने आखणीचे काही नियम आपोआप घालून दिले. सर्वांत मोठी गळती पहिल्या आणि दुसऱ्या भागांच्या मध्ये होते, म्हणून अनुभवी लेखक पहिल्या पुस्तकाच्या अखेरच्या प्रकरणांवर सर्वाधिक कष्ट घेऊ लागले. मुख्य संघर्ष तिथे मिटावा, पण मोठे कोडे उघडे राहावे. अर्धवट तोडलेला शेवट वाचकाला फसवणूक वाटतो आणि पूर्ण बंद केलेला शेवट त्याला पुढचे पुस्तक घ्यायचे कारण देत नाही. अपुऱ्या राहिलेल्या मालिकांनी पोळलेले वाचक पहिलाच भाग घ्यायला कचरतात, त्यामुळे दोन-तीन भाग हातात तयार असल्याखेरीज पहिला प्रसिद्ध करायचा नाही, अशी पद्धत पडली. शिवाय विज्ञानकथेचा वाचक चिकित्सक असतो. यानाचा वेग, प्रवासाला लागणारे दिवस, ग्रहाचे गुरुत्व यांत सातव्या भागात झालेली चूक तो नेमकी पकडतो. म्हणून नावे, कालक्रम आणि तंत्रज्ञानाच्या मर्यादा नोंदवणारी स्वतंत्र वही ही लेखनाइतकीच आवश्यक ठरली.

विक्रीची साधने त्यामानाने मोजकी होती. अंतराळयुद्धाच्या कादंबरीवर यान, ठळक अक्षरे आणि मालिकेचे नाव, आणि सगळ्या भागांना एकाच हातची मुखपृष्ठे. नखाएवढ्या चित्रातही पुस्तकाचा प्रकार ओळखू यावा एवढेच त्यांचे काम. २०१२ मध्ये सुरू झालेल्या बुकबबसारख्या सेवा सवलतीतल्या पुस्तकांची माहिती वाचकांना रोज ईमेलने पाठवत, आणि त्यात जागा मिळाली की जुन्या मालिकेचाही पहिला भाग एका दिवसात हजारोंच्या हाती जाई. पुस्तकाच्या शेवटच्या पानावर पुढच्या भागाचा दुवा आणि विनामूल्य पूर्वकथेच्या बदल्यात वाचकाचा ईमेल पत्ता मागणारी ओळ, ही जागा सर्वांत मोलाची. नुकतेच पुस्तक संपवून खूश झालेला वाचक तिथेच भेटतो. शिवाय हे पत्ते लेखकाच्या स्वतःच्या मालकीचे असतात. दुकानाने नियम बदलले तरी ते हातचे जात नाहीत.

आणि नियम बदलले. जुलै २०१४ मध्ये महिना ९.९९ डॉलरमध्ये हवे तेवढे वाचू देणारी किंडल अनलिमिटेड योजना आली. तीत पुस्तक ठेवायचे तर ई-आवृत्ती ९० दिवस अन्यत्र विकायची नाही, अशी अट होती. वाचकाने दहा टक्के मजकूर ओलांडला की लेखकाला ठरावीक रक्कम मिळे, मग पुस्तक तीस पानांचे असो वा सहाशे. साहजिकच ‘वूल’सारखे लहान हप्ते फायद्याचे झाले आणि कादंबऱ्यांचे तुकडे पडू लागले. १ जुलै २०१५ पासून मोबदला वाचलेल्या पानांवर मिळू लागला, पानाला साधारण अर्ध्या सेंटच्या आसपास. हप्त्यांचा बाजार काही महिन्यांत बसला, जाडजूड कादंबऱ्या परतल्या. काहींनी पाने फुगवण्यासाठी एकाच पुस्तकात जुनी पुस्तके कोंबली, तेव्हा २०१८ मध्ये अशा जादा मजकुरावर मर्यादा आली. दीर्घकथा हा विज्ञानकथेला फार मानवणारा आकार. तो केवळ मोबदल्याची पद्धत बदलल्यामुळे मागे पडला, ही या काळातली मोठी हानी म्हणावी लागेल.

याच वळणावर मायकल अँडरले आले. नोव्हेंबर २०१५ मध्ये त्यांच्या ‘कुर्थेरियन गॅम्बिट’ मालिकेचा पहिला भाग निघाला आणि मालिका पुढे एकवीस भागांपर्यंत गेली. त्यांचा हिशेब सरळ होता. वीस पुस्तकांनी प्रत्येकी रोज साडेसात डॉलर मिळवले तर वर्षाला सुमारे ५५ हजार डॉलर होतात. या हिशेबावरून नाव घेतलेला लेखकांचा गट झपाट्याने वाढला आणि २०१७ पासून लास व्हेगासला त्याची वार्षिक संमेलने भरू लागली. नव्या पुस्तकांच्या खास यादीत अ‍ॅमेझॉन पुस्तकाला तीसच दिवस ठेवत असल्याने दर महिन्याला एक भाग काढण्याची चाल रूढ झाली. अँडरले यांनी आपल्या विश्वात इतर लेखकांनाही लिहायला घेतले, त्यामुळे एकट्याच्या वेगाची मर्यादा ओलांडता आली. हिशेब, खर्च, चुका उघडपणे सांगणाऱ्या या गटाने हजारो नवख्यांना धंद्याचे भान दिले, हे निर्विवाद. पण महिन्याला एक कादंबरी हा वेग फार थोड्यांना पेलतो. त्या वेगाने लिहिलेल्या अनेक मालिकांत विज्ञान नुसते नेपथ्यापुरते उरले.

वेगळ्या वाटाही होत्याच. बेकी चेंबर्स यांनी २०१२ मध्ये किकस्टार्टरवर वर्गणी जमवून पहिली कादंबरी पुरी केली आणि २०१४ मध्ये ती स्वतः प्रसिद्ध केली. वर्षभरात हॉडर अँड स्टाउटनने ती घेतली, आणि तिच्यापासून सुरू झालेल्या ‘वेफेरर्स’ मालिकेला २०१९ चा सर्वोत्कृष्ट मालिकेचा ह्यूगो पुरस्कार मिळाला. क्रेग अलान्सन यांच्या २०१६ मध्ये सुरू झालेल्या ‘एक्सपिडिशनरी फोर्स’चा मोठा वाचक खरे तर श्रोता आहे. आर. सी. ब्रे यांच्या वाचनाने ती मालिका ऑडिओबुकच्या जगात पसरली. वाचणारा एकच आवाज अखेरपर्यंत टिकवणे हाही तेव्हापासून आखणीचा भाग झाला.

डिसेंबर २०१६ मध्ये किंडलवर मराठी पुस्तकेही आली. मराठी विज्ञानकथा मात्र जयंत नारळीकर, बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे यांच्या काळापासून मासिके आणि दिवाळी अंकांतून, एकेक स्वयंपूर्ण कथा अशी वाढली. भागामागून भाग घेणारा वाचक तिला घडवावा लागेल, आणि स्वस्त पहिल्या भागाचे गणित इथे रुपयांत नव्याने मांडावे लागेल.

२०२० नंतर गर्दी हीच मुख्य अडचण झाली. सशुल्क जाहिरातीवाचून नवे नाव दिसेनासे झाले. सप्टेंबर २०२३ मध्ये केडीपीने कृत्रिम बुद्धिमत्तेने रचलेला मजकूर असल्यास तसे कळवण्याची सक्ती केली आणि एका दिवसात जास्तीत जास्त तीन नवी पुस्तके ही मर्यादा घातली. दरम्यान ५ मे २०२३ रोजी हॉवी यांच्या मनोऱ्यावरची ‘सायलो’ ही मालिका अ‍ॅपल टीव्ही प्लसवर आली. मॅट डिनिमन यांनी ‘डंजन क्रॉलर कार्ल’ आधी संकेतस्थळावर प्रकरणाप्रकरणाने वाचकांसमोर ठेवली आणि २०२० मध्ये स्वतः पुस्तकरूपात काढली. २०२४ मध्ये एस या प्रकाशनसंस्थेने तिची छापील आवृत्ती काढली. ई-पुस्तकाचे हक्क डिनिमन यांच्याकडेच राहिले.