वरून लावलेलं क्रीम शरीरात जातं

"वरतूनच त लावाचं आहे, पोटात थोडंच जाते!" मार्च लागला की अकोल्यातल्या जठारपेठेत हे वाक्य कानावर पडायला लागतं, ते थेट पावसाळ्यापर्यंत. कधी पार्लरमध्ये, कधी मेडिकलच्या काउंटरवर, कधी शिकवणीहून परतणाऱ्या मुलींच्या घोळक्यात. उन्हानं चेहरा काळवंडलेला असतो, गालांवर वांग आलेले असतात, घरातलं लग्न तोंडावर असतं आणि कुणीतरी नाव-पत्ता नसलेली एक डबी पुढे करतं. कुणी शंका काढली तर तिला हेच उत्तर मिळतं. हे उत्तर साफ चुकीचं आहे आणि त्याची किंमत अकोल्यातल्याच एका कुटुंबानं मोजली आहे.

जानेवारी २०२३ मध्ये वर्तमानपत्रांत ती हकीकत आली होती. अकोल्यात शिकणाऱ्या एका तरुणीनं स्थानिक ब्युटिशियनकडून उजळपणाचं क्रीम आणलं. चेहरा खुलला, लोक विचारू लागले, म्हणून आई आणि बहीणही तेच क्रीम लावू लागल्या. पण पुढे तिघींनाही मूत्रपिंडाचा आजार जडला. रक्त गाळणाऱ्या मूत्रपिंडातल्या सूक्ष्म गाळण्यांनाच सूज आली होती. एकाच घरात, एकाच वेळी, तिघींना हा आजार का व्हावा, हा प्रश्न अखेर मुंबईच्या केईएम रुग्णालयात सुटला. तिथं त्या क्रीमची तपासणी झाली आणि त्यात पारा निघाला.

ही एकटीदुकटी घटना असती तर योगायोग म्हणता आला असता. पण केरळमध्ये कोट्टक्कलच्या डॉक्टरांनी २०२४ साली 'किडनी इंटरनॅशनल' या नियतकालिकात आपला अनुभव मांडला. जुलै २०२१ ते सप्टेंबर २०२३ या काळात त्यांच्याकडे मेम्ब्रेनस नेफ्रोपथी या मूत्रपिंडाच्या आजाराचे २२ रुग्ण आले. त्यांतले १५ जण एका विशिष्ट, एरवी क्वचित आढळणाऱ्या प्रकारचे होते. त्या पंधरांपैकी १३ जण गोरेपणाचं क्रीम वापरत होते. क्रीम बंद केल्यावर बहुतेकांचा आजार ओसरला. याहून स्पष्ट पुरावा काय हवा?

आता त्या मूळ वाक्याकडे येऊ. त्वचेतून आत काहीच जात नसतं, तर हृदयरोग्याच्या छातीवर नायट्रोग्लिसरीनचा पॅच चिकटवला नसता आणि तंबाखू सोडणाऱ्याला निकोटिनचा पॅच दिला नसता. पाऱ्याचे क्षारही तसेच त्वचेतून, केसांच्या मुळांतून रक्तात उतरतात आणि मूत्रपिंडात साठत राहतात. चेहरा चुरचुरत नाही, आग होत नाही, म्हणून बाईला वाटतं की क्रीम मानवलं. डोळ्यांभोवती आणि पायांवर सूज येते, लघवीला फेस येऊ लागतो, तोवर नुकसान सुरू झालेलं असतं. हातांमधून आणि टॉवेलमधून तोच पारा घरातल्या लहान मुलांपर्यंतही पोचतो. पाऱ्याच्या क्रीमचा मुख्य धोका मूत्रपिंडालाच आहे, असं जागतिक आरोग्य संघटना कित्येक वर्षं सांगते आहे.

मग पारा घालतात तरी कशाला? कारण तो स्वस्त आहे आणि त्याचा परिणाम डोळ्यांना दिसतो. त्वचेत रंगद्रव्य, म्हणजे मेलॅनिन, तयार होण्यासाठी टायरोसिनेज नावाचं विकर लागतं. पारा त्या विकरालाच निकामी करतो. भारतातल्या २०२० च्या सौंदर्यप्रसाधन नियमांनुसार चेहऱ्याच्या क्रीममध्ये पारा घालायला बंदी आहे. नकळत आलेला अंशही दशलक्षात एका भागापेक्षा जास्त चालत नाही. ज्या क्रीममध्ये तो मुद्दाम मिसळला आहे, ते उघड बेकायदा आहे, मग त्यावर 'आयुर्वेदिक' लिहिलेलं असो की 'इम्पोर्टेड'.

हातात डबी आली की ती आधी उलटी करून पाहा. बनवणाऱ्याचा पूर्ण पत्ता, परवाना क्रमांक, बॅच, मुदत आणि घटकांची यादी यांतलं काही गायब असेल तर ती तिथंच ठेवा. मर्क्युरी, कॅलोमेल, मर्क्युरस क्लोराइड हे शब्द दिसले तरी ठेवा. आणखी एक खूण आहे. 'सोन्या-चांदीचे दागिने, अॅल्युमिनियम, रबर यांना लागू देऊ नये' अशी सूचना असेल तर समजा की आत पारा असण्याची दाट शक्यता आहे. पारा धातूंशी संयोग पावतो, म्हणून ती सूचना छापलेली असते. जे सोन्याच्या अंगठीला लागू द्यायचं नाही, ते लेकीच्या गालाला कसं चोळायचं?

अशा क्रीमचा 'सात दिवसांत फरक' हा दावा शरीरशास्त्रालाच धरून नाही. उन्हातले अतिनील किरण पेशींमधल्या डीएनएला इजा करतात, म्हणून त्वचा जास्त मेलॅनिन बनवते आणि ते पेशीच्या केंद्रकावर टोपीसारखं बसतं. काळवंडणं ही त्वचेनं केलेली स्वतःची राखण आहे. रंगलेल्या पेशी वर सरकून झडायला साधारण महिना किंवा त्याहून अधिक काळ लागतो. रंगद्रव्य खालच्या थरात उतरलं असेल तर कित्येक महिने लागतात. म्हणून आठवड्यात चेहरा 'गोरा' करणाऱ्या क्रीमबद्दल पहिला संशय पाऱ्याचाच घ्यावा, नाहीतर स्टेरॉइडचा.

स्टेरॉइडची मलमं बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन अशा नावांनी मिळतात. ती गजकर्णाच्या आणि खाजेच्या ट्यूबमध्येही असतात आणि मैत्रिणीनं सांगितलं म्हणून तोंडाला फासली जातात. सुरुवातीला चेहरा नितळ दिसतो. काही महिन्यांत त्वचा पातळ होते, लाल शिरा दिसू लागतात, पुरळ उठतं, केस वाढतात. मलम बंद केलं की आग आणि लाली उसळते, म्हणून बाई पुन्हा तेच लावते. २०१८ मध्ये केंद्र सरकारनं अशी १४ मलमं 'शेड्यूल एच'मध्ये घातली, म्हणजे ती डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. तरी ती काउंटरवर नुसतं नाव सांगून मिळतात, आणि याची चीड विकणाऱ्यालाही यायला हवी, घेणाऱ्यालाही.

मग करायचं काय? पहिलं औषध सनस्क्रीन. एसपीएफ ३० किंवा अधिक, शिवाय पीए+++ लिहिलेलं. तर्जनी आणि मधल्या बोटावर पूर्ण लांबीची एकेक रेघ, एवढं चेहऱ्याला आणि मानेला लागतं. मटाराएवढं लावून काही होत नाही. बाहेर असाल तर दर दोन तासांनी पुन्हा लावा. वांग असतील तर आयर्न ऑक्साइड असलेलं, रंगाची छटा असलेलं सनस्क्रीन घ्या, कारण वांग डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशानंही गडद होतात. दहा ते चार ऊन टाळा. ते जमत नसेल तर दाट विणीचा दुपट्टा आणि काठाची टोपी वापरा. शेतात निंदायला जाणाऱ्या बाईला सनस्क्रीन परवडत नसेल, तरी तिचा डोक्यावरून घेतलेला पदर आणि पूर्ण बाह्यांचा सदरा मोठं काम करतो.

दुसरं औषध धीर. साधा टॅन ऊन टाळल्यावर काही आठवड्यांत, महिन्यांत आपोआप उतरतो. वांगांसाठी त्वचारोगतज्ज्ञ अॅझेलेइक अॅसिड, हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन ठरावीक मुदतीसाठी देतात. काहींना ट्रॅनेक्सॅमिक अॅसिडच्या गोळ्याही देतात, पण त्याआधी रक्तात गुठळ्या होण्याचा इतिहास विचारतात. अकोल्यात सर्वोपचार रुग्णालयात हा सल्ला मिळतो.

बाकीचे गैरसमज थोडक्यात:

*"सावळ्या त्वचेला सनस्क्रीन नको."* सावळी त्वचा भाजते कमी, पण डाग धरते लवकर आणि सोडते उशिरा.

*"लिंबू चोळलं की टॅन जातो."* लिंबाचा रस लावून उन्हात गेलात तर त्यातल्या फ्युरोकुमरिनमुळे त्वचा पोळते आणि काळे चट्टे पडतात.

*"पारा ४५ वर गेला तरच त्वचा काळवंडते."* तापमान वेगळं, अतिनील किरण वेगळे. किरणांची तीव्रता सूर्य किती डोक्यावर आहे यावर ठरते. जून-जुलैच्या ढगांतूनही ते येतात.

*"गाडीच्या काचा बंद आहेत ना!"* अतिनील किरणांपैकी यूव्हीबी साधी काच अडवते, यूव्हीए बरेचसे आत सोडते.

*"मान काळी म्हणजे मळ."* मखमली, जाडसर काळी मान बऱ्याचदा इन्सुलिनच्या बिघाडाची खूण असते. घासू नका, साखर तपासा.

*"वांग म्हणजे पोट साफ नसणं."* कारणं ऊन, गरोदरपण, संप्रेरकांच्या गोळ्या आणि आनुवंशिकता ही आहेत.

सध्या गोरेपणाचं असं नाव-पत्ता नसलेलं एखादं क्रीम वापरत असाल तर आजच थांबवा. लघवीतल्या प्रथिनांची साधी तपासणी करून घ्या, डॉक्टरकडे जाताना डबी सोबत न्या आणि पाऱ्याच्या तपासणीबद्दल विचारा. स्टेरॉइड महिनोन्‌महिने लावलं असेल तर मात्र मनानं बंद करू नका. ते त्वचारोगतज्ज्ञाच्या देखरेखीखाली कमी करत न्यावं लागतं. डबी विकणाऱ्याची तक्रार अन्न व औषध प्रशासनाकडे करा, कारण तुमच्यानंतर ती दुसऱ्या घरात जाणार आहे. उन्हानं आलेला रंग हा रोग नाही आणि सावळेपणा तर मुळीच नाही. त्यासाठी मूत्रपिंड पणाला लावू नका.