संदर्भांची नोंद आणि संगणक : प्रबंधलेखकांसाठी काही विचार

संशोधनपर लेखन करणारा लेखक आपल्या वाचकाला एक हमी देत असतो. आपण केलेल्या विधानाचा आधार अमुक ग्रंथाच्या अमुक पृष्ठावर आहे, आणि वाचकाने तो ग्रंथ उघडून पाहिला तर तो आधार तेथे सापडेल, अशी ती हमी असते. तळटीप आणि संदर्भसूची ही या हमीची दृश्य रूपे होत. ही हमी पाळण्याच्या कामी संगणकाचे साहाय्य कितपत होते आणि कोठे ते संपते, याचा विचार आम्ही प्रस्तुत लेखात करणार आहोत. पाली व बौद्ध विद्येच्या विद्यार्थ्यांना या संदर्भात ज्या विशेष अडचणी येतात, त्यांचाही परामर्श ओघाने घेऊ.

काही वर्षांपूर्वी एका विद्यार्थ्याचा प्रबंध आमच्या वाचनात आला. त्यातील एका तळटिपेत ‘तत्रैव, पृ. ३१२’ असे लिहिले होते. परंतु लगतच्या आधीच्या टिपेत ज्या ग्रंथाचा निर्देश होता, त्या ग्रंथाची पृष्ठसंख्या दोनशेसुद्धा नव्हती. चौकशी करता उलगडा झाला. प्रबंध सादर करण्याच्या आदल्या आठवड्यात विद्यार्थ्याने मध्येच एक नवी टीप घातली होती. त्याबरोबर तिच्या पुढचे सर्व ‘तत्रैव’ मूळ ग्रंथाला सोडून नव्या ग्रंथाकडे निर्देश करू लागले. विद्यार्थ्याने ग्रंथ वाचले होते, अवतरणे शुद्ध होती, परिश्रमात कसूर नव्हती. तरीही वाचकाच्या दृष्टीने ते संदर्भ खोटे ठरले होते. प्रामाणिक माणसाच्या हातून असा दोष घडू नये म्हणून जी साधने निर्माण झाली, त्यांना संदर्भ-व्यवस्थापन प्रणाली म्हणतात.

या साधनांचा इतिहास आता चार दशकांचा झाला आहे. डोनाल्ड नुथ यांनी निर्माण केलेल्या ‘टेक’ या अक्षरजुळणी प्रणालीवर लेस्ली लॅम्पोर्ट यांनी ‘लाटेक’ उभारले, आणि त्याच्या जोडीला ओरेन पटाशनिक यांनी १९८५ मध्ये ‘बिबटेक’ तयार केले. ग्रंथांची माहिती एका स्वतंत्र धारिकेत ठेवावी, लेखात केवळ त्या नोंदीची खूण लिहावी, आणि संदर्भसूची संगणकाने रचावी, ही बिबटेकमागील कल्पना होती. १९८० च्या दशकाच्या अखेरीस ‘एन्डनोट’ ही विकत घ्यावी लागणारी प्रणाली सामान्य लेखकांपर्यंत पोहोचली. २००६ मध्ये अमेरिकेतील जॉर्ज मेसन विद्यापीठाच्या इतिहास व नवमाध्यम केंद्राने ‘झोटेरो’ ही विनामूल्य व मुक्तस्रोत प्रणाली प्रसिद्ध केली. प्रभुत्व मिळविणे या अर्थाच्या एका अल्बेनियन क्रियापदावरून तिचे नाव घेतलेले आहे. इतिहासाच्या अभ्यासकांनी स्वतःच्या गरजेतून ती घडविली असल्यामुळे मानव्यविद्येच्या विद्यार्थ्यांना ती विशेष सोयीची वाटते. पुढील विवेचनात आम्ही मुख्यतः तिचाच आधार घेतला आहे.

या प्रणालीचे कार्य तीन भागांत समजून घेता येईल. पहिला भाग नोंदींचा संग्रह. पूर्वी अभ्यासक प्रत्येक ग्रंथासाठी एक कार्ड करीत आणि ती कार्डे लाकडी खणांत लावून ठेवीत. संगणकातील नोंद हे त्याच कार्डाचे रूप आहे. मात्र त्यावर लेखक, ग्रंथनाम, संपादक, अनुवादक, प्रकाशनस्थळ, प्रकाशक, वर्ष आणि आवृत्ती यांसाठी वेगवेगळे रकाने असतात. ग्रंथाचा आयएसबीएन क्रमांक किंवा लेखाचा डीओआय क्रमांक दिल्यास यातील बरेचसे रकाने आपोआप भरले जातात. दुसरा भाग लेखनाचा. शब्दलेखनाच्या प्रणालीत आपण जेथे टीप देऊ इच्छितो तेथे नोंद निवडावयाची आणि पृष्ठांक लिहावयाचा. तेथे जी टीप उमटते ती साधा मजकूर नसून मूळ नोंदीशी जोडलेली असते. तिसरा भाग शैलीचा. शिकागो, एमएलए, एपीए अशा ज्या लेखनपद्धती प्रचलित आहेत, त्यांचे नियम संगणकाला कळतील अशा एका सामाईक भाषेत लिहून ठेवलेले आहेत. अशा दहा हजारांहून अधिक शैली आज विनामूल्य उपलब्ध आहेत.

हे तीन भाग एकमेकांपासून अलग ठेवले आहेत, यातच या साधनाचे खरे सामर्थ्य आहे. ग्रंथाची माहिती एकदाच लिहिली जाते, आणि ती कोणत्या रूपात छापावयाची हे शेवटी ठरते. एका नियतकालिकासाठी लिहिलेला लेख दुसऱ्याकडे पाठवावयाचा झाल्यास शंभर टिपा पुन्हा लिहिण्याचे कारण उरत नाही. शैली बदलली की सर्व टिपा व सूची बदलतात. उपर्युक्त ‘तत्रैव’चा प्रश्नही येथेच सुटतो. कोणती टीप कोणत्या टिपेच्या पाठोपाठ आली आहे हे प्रणाली प्रत्येक वेळी नव्याने पाहते. मध्ये दुसरा ग्रंथ आला तर ‘तत्रैव’ काढून तेथे ग्रंथाचे संक्षिप्त नाव घालते. शैलीच्या धारिका खुल्या असल्यामुळे ‘इबिड’च्या जागी ‘तत्रैव’ आणि पृष्ठासाठी ‘पृ.’ असे मराठी शब्द योजण्याची सोयही जाणकाराकडून करून घेता येते.

एवढे गुण सांगितल्यावर मर्यादांकडे वळणे अगत्याचे आहे. कारण नवीन विद्यार्थी फसतो तो येथेच. संगणक नोंदीची मांडणी करतो, नोंद खरी की खोटी हे त्याला कळत नाही. याचे एक बोलके उदाहरण आपल्याच विद्याशाखेत आहे. ‘भगवान बुद्ध’ या मराठी ग्रंथाचे लेखक धर्मानंद दामोदर कोसंबी आणि भारतीय इतिहासाचे विख्यात अभ्यासक दामोदर धर्मानंद कोसंबी हे पितापुत्र. देवनागरीत त्यांची आद्याक्षरे अनुक्रमे ‘ध. दा.’ आणि ‘दा. ध.’ अशी होतात, म्हणून घोटाळा होत नाही. रोमन लिपीत मात्र दोघेही ‘डी. डी. कोसंबी’ होतात. ज्या शैलीत केवळ आद्याक्षरे छापली जातात, तिच्यात वडिलांचा १९४० चा ग्रंथ आणि मुलाचा १९५६ चा ग्रंथ एकाच लेखकाच्या नावाखाली एकाखाली एक येऊन बसतील, आणि संगणक त्याबद्दल अवाक्षरही काढणार नाही. म्हणून नोंद करताना पूर्ण नाव लिहावे, आणि छापील सूचीवरून शेवटी एकदा डोळ्यांनी नजर फिरवावी.

नावांच्या संदर्भात आणखी एक अडचण येते. ही प्रणाली आडनाव व व्यक्तिनाम अशी विभागणी गृहीत धरून चालते. परंतु बुद्धघोषाचार्यांना आडनाव नाही, आणि ‘भिक्खू’ हे कोणाचे व्यक्तिनाम नव्हे. अशा प्रसंगी नाव दोन रकान्यांत न लिहिता एकाच रकान्यात लिहिण्याची सोय झोटेरोत आहे, तिचा उपयोग करावा. संस्था लेखकस्थानी असेल तेव्हाही हाच मार्ग योग्य. एकाच लेखकाचे नाव कधी ‘आंबेडकर, भीमराव रामजी’, कधी ‘आंबेडकर, बी. आर.’ आणि कधी ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर’ असे लिहिले गेले, तर संगणक ते तीन वेगळे लेखक समजतो आणि सूचीत तीन ठिकाणी विखरून टाकतो. आदरार्थी उपपदे लेखाच्या मजकुरात अवश्य असावीत. नोंदीत मात्र एकच रूप ठरवून शेवटपर्यंत तेच पाळावे.

आवृत्तीचा प्रश्न याहून गंभीर आहे. ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ हा ग्रंथ १९५७ मध्ये मुंबईच्या सिद्धार्थ महाविद्यालयाच्या प्रकाशनाने प्रसिद्ध केला, आणि १९९२ मध्ये महाराष्ट्र शासनाने बाबासाहेबांच्या समग्र लेखन व भाषणांचा अकरावा खंड म्हणून तो पुनर्मुद्रित केला. दोहोंचे पृष्ठांक वेगळे आहेत. नोंद एका आवृत्तीची आणि पृष्ठांक दुसऱ्या आवृत्तीचा असे झाले, तर टीप दिसावयास निर्दोष असते आणि असते मात्र निरुपयोगी. सुदैवाने या ग्रंथात कांड, भाग, प्रकरण व वाक्य यांना क्रमांक दिलेले आहेत. ते सांगितले तर कोणत्याही आवृत्तीत स्थळ सापडते. प्रणालीत ‘पृष्ठ’ या निर्देशाऐवजी ‘परिच्छेद’, ‘विभाग’, ‘श्लोक’ असे इतर निर्देश निवडता येतात, हे पुष्कळ विद्यार्थ्यांच्या ध्यानात येत नाही.

त्रिपिटकाच्या बाबतीत तर ही दक्षता अनिवार्य ठरते. १८८१ मध्ये लंडन येथे स्थापन झालेल्या पाली टेक्स्ट सोसायटीच्या रोमन आवृत्तीतील खंड व पृष्ठ देण्याची पद्धत जगभर रूढ आहे. पण आपले विद्यार्थी पुष्कळदा भिक्षू जगदीश काश्यप यांच्या प्रधान संपादकत्वाखाली निघालेली नालंदा देवनागरी आवृत्ती किंवा इगतपुरीच्या विपश्यना विशोधन विन्यासाचा छट्ठसंगायन पाठ वापरतात. महापरिनिब्बान सुत्त सोसायटीच्या दीघनिकायात दुसऱ्या खंडाच्या ७२ व्या पृष्ठावर सुरू होते. तोच आकडा देवनागरी आवृत्तीत शोधणाऱ्या वाचकाच्या हाती काही लागणार नाही. इगतपुरीच्या संगणकीय पाठात सोसायटीचे पृष्ठांकही दर्शविलेले आहेत, त्यांचा लाभ घ्यावा. आमची सूचना अशी की, स्वतः हाताळलेल्या आवृत्तीची नोंद करावी, आणि टिपेच्या अंती सुत्ताचे नाव व निकायातील क्रमांक जोडावा. टिपेच्या आधी व नंतर स्वतःचे शब्द घालण्यासाठी प्रणालीत स्वतंत्र जागा असते.

लिपीविषयीही दोन शब्द सांगितले पाहिजेत. युनिकोडपूर्व टंकात लिहिलेला मराठी मजकूर पडद्यावर देवनागरी दिसला तरी संगणकाच्या लेखी ती रोमन चिन्हेच असतात. अशा नोंदींचा अकारविल्हे क्रम लागत नाही. म्हणून सर्व नोंदी युनिकोडमध्ये कराव्यात. रोमन लिपीत पाली लिहिताना निग्गहीतासाठी ‘एम’ अक्षराच्या खाली टिंब देतात किंवा वर. ही दोन भिन्न अक्षरे असल्याने एका रूपाने शोधले असता दुसरे सापडेलच असे नाही. येथेही एकच पद्धत धरावी. मराठी, हिंदी, पाली व इंग्रजी ग्रंथांच्या सूची स्वतंत्र देण्याची आपली रीत आहे. परंतु झोटेरो सर्व ग्रंथांची एकच यादी देते, ती विभागण्याचे काम हाताने करावे लागते. ते अगदी अखेरीस, टिपांची जोडणी कायमची सोडविल्यावर करावे. अन्यथा पुढील अद्ययावतीकरणात ती विभागणी नाहीशी होते. लाटेक वापरणाऱ्यांना ‘बिबलाटेक’ व ‘बायबर’ यांच्या साहाय्याने अशी विभागलेली सूची थेट मिळू शकते.

संग्रहाच्या रक्षणाचाही विचार करावा. एकेकाळी बहुप्रचलित असलेल्या ‘रेफरन्स मॅनेजर’ या प्रणालीची विक्री २०१५ च्या अखेरीस थांबली. परंतु तिच्या निर्मात्यांच्या नावाने ओळखला जाणारा ‘आरआयएस’ हा नोंदींचा आराखडा आजही सर्व प्रमुख प्रणालींना वाचता येतो. यावरून बोध घ्यावयाचा तो हा की, प्रणाली कोणतीही असो, आपल्या नोंदींची एक प्रत अशा सामाईक आराखड्यात वेगळी काढून ठेवावी. अनेक वर्षांचे वाचन एका यंत्राच्या भरवशावर सोडणे शहाणपणाचे नव्हे.

आता एका नव्या संकटाचा उल्लेख करून हे विवेचन आवरते घेऊ. अलीकडे संभाषण करणाऱ्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रणालींकडून संदर्भ मागविण्याचा मोह अनेकांना होतो. या प्रणाली कधीकधी अस्तित्वातच नसलेल्या ग्रंथांची नावे, वर्षे आणि पृष्ठांक अत्यंत सफाईने सांगतात. जून २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या एका संघीय न्यायालयाने, असे कपोलकल्पित निवाडे आधार म्हणून सादर करणाऱ्या वकिलांना पाच हजार डॉलरचा दंड केला. असा संदर्भ संदर्भ-व्यवस्थापन प्रणालीत घातला तर तीही तो निमूटपणे स्वीकारील, शिकागोच्या नियमांनुसार सजवील आणि सूचीत योग्य स्थानी बसवील. स्वल्पविराम, तिरपी अक्षरे, कंस सर्व काही यथास्थित असेल. नसेल तो केवळ ग्रंथ.

म्हणून आम्ही आमच्या विद्यार्थ्यांना एकच नियम सांगत असतो. ग्रंथ हातात असताना नोंद करावी. शीर्षकपृष्ठ आणि त्याच्या मागील बाजूवरील माहितीशी ती ताडून पाहावी. आणि जो ग्रंथ आपण पाहिला नाही, तो ज्याच्या ग्रंथातून उद्धृत केला त्याचे नाव प्रांजळपणे सांगावे. हा नियम कार्डांच्या काळात होता आणि आजही तोच आहे. संगणकाने आपले कारकुनी श्रम वाचविले आहेत. वाचलेला तो वेळ मूळ ग्रंथाचे पान पुन्हा एकदा उघडून पाहण्यात खर्च झाला, तर वाचकाला दिलेली हमी पाळली जाईल आणि या साधनांचे सार्थक होईल.